दहा महिन्यांचं वर्ष

सदाशिव पेठेत आत्याच्या वाड्यात माडीवर पाच खोल्या आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे भाड्याने राहतात आणि त्यांचा हिशेब एका लाल वहीत असतो. २०१९च्या दिवाळीत भाचा पेढे घेऊन आला. वाकडला फ्लॅट घेतला होता, भाड्याने द्यायला.

"५५ लाखांना पडला. ११ हातचे, बाकी कर्ज. हप्ता ३८,०००. त्यातले १८,००० भाडेकरूच भरणार!"

"वर्षाचं भाडं किती धरलंस?"

"बारा महिन्यांचं. २,१६,०००."

"दहा महिन्यांचं धर," आत्या म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

भाचा हसला. आत्याने वही पुढे सरकवली. प्रत्येक खोलीच्या पानावर दहा महिन्यांपुढे भाडं, अकराव्यापुढे 'रिकामी', बाराव्यापुढे 'डागडुजी'. खोली वर्षभर भरलेली असली तरी हेच. ते दोन महिन्यांचे पैसे सरळ पोस्टात जात. शेवटच्या पानावर 'डिपॉझिट' आणि खाली कंसात 'परक्याचं'.

करार अकरा महिन्यांचा करतात, हे भाच्याला ठाऊक होतं. तो संपल्यावर दलाली, रंग, नोंदणीचा खर्च पुन्हा येतो आणि घर दोन-चार आठवडे कुलपात राहतं, हे दलाल कशाला सांगेल? सोसायटीचा मेंटेनन्स, त्यावर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, महापालिकेचा कर, हेही त्याच्या हिशेबात नव्हतं. डिपॉझिटच्या ५०,००० मधून त्याने स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्या.

फेब्रुवारीत भाडेकरूचा फोन आला. बाथरूममागच्या भिंतीला ओल आली होती. प्लंबरने ६,००० सांगितले. "पावसाळ्याआधी बघू," भाचा म्हणाला.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. हिंजवडीची ऑफिसं घरून चालू लागली. जूनमध्ये भाडेकरूने घर सोडलं. "सर, कपाटातले कपडे ओलीने गेले. गावाहूनच काम आहे आता. डिपॉझिट तेवढं पाठवा."

ट्रॉल्या काही उपटून पाठवता येत नव्हत्या. बँकेने हप्त्यांना सवलत दिली, पण व्याज थांबलं नाही. ते मुद्दलात जाऊन बसलं.

आत्याची माडीही ओस पडली होती. मुलं गावी गेली, पुस्तकांच्या पेट्या मात्र इथेच. तिने त्यांच्याकडे भाडं मागितलं नाही. महिन्याचा खर्च पोस्टातून काढत होती. तोंडाला मास्क लावून भाचा उंबऱ्यातच उभा राहिला तेव्हा तिने काही विचारलं नाही. 'रिकामी'च्या पैशांतले ५०,००० काढून दिले.

"व्याज नको. पण आधी प्लंबरला फोन कर."

पुढे घर भरलं, १५,०००वर. रुग्णालयात नोकरी करणारं जोडपं आलं. एका रविवारी भाचा आत्याकडे जेवायला बसला असताना फोन वाजला: गिझर बंद. भात अर्धा टाकून तो उठला, मिस्त्रीला पत्ता सांगून परत आला. मग पिशवीतून एक कोरी करकरीत लाल वही काढून त्याने आत्यापुढे ठेवली. दहा महिने, 'रिकामी', 'डागडुजी'. सगळं जागच्या जागी.

आत्याने चष्मा लावला, पानं उलटली.

"आणि शेवटचं पान कोरं का?"

भाच्याने ताट सरकवलं आणि पेन शोधायला लागला.