विश्पलेचा पाय

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा एका ऋचेत उरकली आहे. रात्रीच्या झुंजीत तिचा पाय तुटला, देवांचे वैद्य असलेल्या अश्विनीकुमारांनी लगोलग धातूचा पाय बसवला आणि ती पुन्हा धावू लागली. विश्पला स्त्री की शर्यतीतली घोडी, हा पंडितांचा वाद त्यांनाच लखलाभ. मला त्या ऋचेत दोन गोष्टी दिसतात. पाय मिळाला तो विनाविलंब, आणि दिला तो वैद्यांनी.

आपण या दोन्ही गोष्टी हातच्या घालवल्या. 2018मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं कवच आहे. मधुमेहाने सडलेला पाय कापण्याचा खर्च त्यात बसतो, गुडघ्यात घातलेला कृत्रिम सांधाही बसतो. पण योजना बेतली आहे रुग्णालयात दाखल होण्याभोवती, आणि कृत्रिम पायाची गोष्ट सुरू होते घरी परतल्यावर. जखम भरायची, सूज उतरायची, उरलेल्या पायाला आकार यायचा. मग माप, मग उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट, मग चालण्याचा सराव. तोवर माणूस दुसऱ्या खात्याच्या दारात उभा असतो. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी 1981पासूनची ‘एडिप’ योजना सामाजिक न्याय मंत्रालयाची. तिथे उत्पन्नाचा दाखला, शिबिराची तारीख आणि साधनांचं ‘वाटप’. कातडीच्या आतला धातू उपचार ठरतो, बाहेरचा ठरतो साहाय्य.

उणीव कारागिरीची नाही. 1968च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या रबरी पायाने माणूस उकिडवा बसतो, अनवाणी शेतात उतरतो. आपल्या जमिनीवरचं जगणं ओळखून केलेला तो पाय आहे. उणीव आहे ती त्या पायाकडे पाहण्याच्या दृष्टीत; आपण त्याला उपचार नव्हे, दान समजतो.

दान एकदा दिलं की पुरं होतं. पाय मात्र झिजतो, सॉकेट सैल पडतं, वाढत्या मुलाला तर तो बघता बघता आखूड होतो. दात्याकडे पुन्हा जाताना मान खाली जाते. वैद्याकडे माणूस तक्रार घेऊन जाऊ शकतो. विमा आणि वाटप यांत फरक आहे तो या तक्रारीच्या हक्काचा.

म्हणून पाय कापायला ज्या कागदावर मंजुरी मिळते, त्याच कागदावर नव्या पायाची, सरावाची आणि पुढच्या दुरुस्तीचीही मंजुरी हवी. तोवर आपण शस्त्रक्रिया पुरी करतो, उपचार अर्धाच.