उजेडाचा धर्म

हेडलाइटचा उजेड वाढवणे हा वायरिंगचा जितका, तितकाच नीतीचा प्रश्न आहे. जुन्या, बारीक वायरीत व्होल्टेज घटते; हॅलोजन बल्बला ते 10 टक्के कमी मिळाले, तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले बसवला, की 60/55 वॅटचा तोच बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. हा उजेड गाडीच्या हक्काचाच असतो. त्याहून जास्त वॅटचा बल्ब मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी, हिवरखेडच्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. संतपरंपरेने परपीडेला पाप मानले. म्हणून झोत खाली राखणे, समोर वाहन दिसताच अप्परचा डिपर करणे, हाही धर्मच. स्वतःची वाट उजळताना दुसऱ्याच्या वाटेवर अंधार पडू नये.