‘कॅम्प’ : शब्दाचे अर्थ आणि उच्चारणाऱ्याचे दायित्व

१

एका शब्दाला अनेक अर्थ असतात, हे विधान इतके परिचित आहे की त्यात दडलेला प्रश्न सहसा ध्यानात येत नाही. अनेकार्थता ही कोशाची बाब मानली जाते. कोशकार अर्थांना क्रमांक देतो, वाचक संदर्भ पाहून त्यांतला एक निवडतो आणि व्यवहार पुढे चालू राहतो. परंतु काही शब्दांचा अर्थ वाक्याच्या संदर्भाने पुरता ठरत नाही. तो कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलतो, यावर अवलंबून असतो. अशा शब्दांचा विचार करताना अर्थमीमांसेला नीतिविचाराच्या हद्दीत शिरावे लागते. इंग्रजीतून मराठीत येऊन स्थिरावलेला ‘कॅम्प’ हा अशांपैकी एक शब्द होय. अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर या पट्ट्यात तो रोज सहस्र मुखांनी उच्चारला जातो, आणि म्हणूनच त्याच्या परीक्षेसाठी हे स्थळ योग्य आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘काम्पुस’ म्हणजे मोकळे मैदान. मैदानावर उतरणारे सैन्य, सैन्याची मोहीम, मैदानात लढणारा वीर आणि विद्यापीठाचे आवार या सर्वांची नावे, म्हणजे कॅम्प, कॅम्पेन, चॅम्पियन आणि कॅम्पस, त्याच एका मुळातून निघाली. खुद्द इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणजे सैन्याचा तळ, सुटीतला तंबूतला मुक्काम, राजकीय गट, निर्वासितांची वसाहत आणि बंदिवासाची जागाही. सुसान सोंटाग यांनी १९६४ साली ज्या अभिरुचीविशेषाची चर्चा केली, तिचे नावही ‘कॅम्प’च, पण त्या शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे आणि कोश त्याला वेगळी नोंद देतात. येथे तो बाजूला ठेवणे इष्ट.

मराठीत या कुळातला शब्द इंग्रजी अमलाच्या आधीच आला होता. महादजी शिंदे यांनी युरोपीय पद्धतीने कवायत शिकवून उभारलेल्या पलटणींना ‘कंपू’ म्हणत. आज ‘कंपू’ म्हणजे स्वार्थापुरते जमलेले टोळके. ‘गोट’ या शब्दाचा प्रवासही असाच: फौजेच्या तळापासून राजकीय पक्षातल्या फळीपर्यंत. ‘कॅम्प’ मात्र या वाटेने फारसा गेला नाही. त्याच्या वाट्याला वेगळेच काम आले, आणि ते समजण्यासाठी त्याच्या शेजारचे दोन शब्द पाहिले पाहिजेत.

रक्तदानाचे ‘शिबिर’ असते, नेत्रतपासणीचे असते, अभ्यासकांचे असते. दुष्काळात गुरांसाठी उघडली जाते ती ‘चारा छावणी’. निर्वासितांची ‘छावणी’ असते आणि नाझींच्या कैद्यांची ‘छळछावणी’. जेथे माणूस स्वेच्छेने जातो आणि ठरल्या दिवशी परततो ते शिबिर. जेथे जीव अगतिकपणे आणला जातो ती छावणी, अशी ही ढोबळ वाटणी दिसते. तिला अपवाद आहेत. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या ‘श्रमसंस्कार छावणी’त तरुण स्वेच्छेने जातात, तेथे शब्दाने लष्करी शिस्तीचा अर्थ घेतला आहे. तरीही वाटणीचा कल स्पष्ट आहे. या दोहोंनंतर एक तिसरी अवस्था उरते: जेथे लोक तात्पुरते म्हणून आले आणि कायमचे राहिले. मराठीत या अवस्थेला स्वतंत्र शब्द नव्हता. ती जागा ‘कॅम्प’ने घेतली.

२

लष्कर हलल्यावरही नाव मागे राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मालेगाव कॅम्प हे त्यांतले एक. दापोलीतून पलटण गेल्यावरही ‘कॅम्प दापोली’ हे नाव दीर्घकाळ चालत राहिले. पुण्यातला ‘कॅम्प’ तर बाजारहाट आणि खानपानाच्या चैनीचा वाचक झाला. या सर्व ठिकाणी शब्द मुळात सत्ताधाऱ्यांच्या वस्तीचा होता. त्यामुळे तो उच्चारताना कोणी खाली पाहत नाही.

उल्हासनगरचे तसे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक ब्रिटिश लष्कराने ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठी विस्तीर्ण तळ उभारला. युद्ध संपले आणि १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच तळावरच्या बराकींत जागा देण्यात आली. पाच विभागांना पाच क्रमांक होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. १९५१च्या जनगणनेत येथे सुमारे ऐंशी हजार माणसे मोजली गेली. पुढे नगरपालिका झाली. १९९६ साली महानगरपालिका झाली.

म्हणजे शासनाच्या लेखी ‘कॅम्प’ १९४९ सालीच संपला. पण पत्त्यावरचे ‘उल्हासनगर-४’ बोलण्यात ‘कॅम्प चार’ होते. घर ‘बरॅक’च्या आणि ‘सेक्शन’च्या क्रमांकाने ओळखले जाते. नगराला दिलेले नाव आनंदवाचक. भागांना उरलेले नाव विस्थापनवाचक. ही दोन्ही नावे आज एकाच पत्त्यावर नांदतात.

याला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे उदाहरण ताडून पाहावे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले. इतिहासाचा आकार सारखाच. एका संकटासाठी बांधलेली घरे दुसऱ्या संकटाला उपयोगी पडली. पण ती वस्ती आज गांधीनगर या नावाने आणि कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखली जाते. उल्हासनगरात ‘कॅम्प’ का टिकला? वस्तीचे पाच तुकडे होते आणि त्यांना वेगळे सांगण्याची रोजची गरज होती, हे कारण मला अधिक संभवनीय वाटते. म्हणजे शब्द टिकला तो वेदनेची स्मृती म्हणून टिकला असे नाही; तो सोय म्हणून टिकला. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढचा सारा प्रश्न या सोयीतून उद्भवतो.

३

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३च्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात विशेषनामांना अर्थाशय नसतो असे प्रतिपादन केले. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे. उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव खोटे ठरणार नाही. या न्यायाने ‘कॅम्प चार’ हेही आता निव्वळ विशेषनाम आहे. तेथे तंबू नाहीत, शिधा वाटणारा अधिकारी नाही, परतीची वाट पाहणारे कोणी नाही. नाव फक्त स्थळ दाखवते.

हे प्रतिपादन अर्धे बरोबर आहे. ते कोठे अपुरे पडते हे पाहण्यासाठी आपल्या काव्यशास्त्रातला लक्षणाविचार अधिक उपयोगी पडतो. मम्मटाने लक्षणेला दोन आधार सांगितले आहेत: रूढी आणि प्रयोजन. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश तोडणारा; पण ‘कामात कुशल’ म्हणताना कोणाला दर्भ आठवत नाही. ही रूढी. ‘गंगेवर गवळीवाडा’ असे म्हटले, तर प्रवाहावर वस्ती असणे शक्य नसल्याने ‘काठावर’ असा अर्थ घ्यावा लागतो. पण ‘काठावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हणण्यात शैत्य आणि पावित्र्य सुचवण्याचे प्रयोजन असते. रूढीत व्यंग्य नसते, प्रयोजनात ते असते, असा मम्मटाचा निर्णय आहे. विश्वनाथाने ‘कुशल’च्या उदाहरणावर आक्षेप घेतला; भेद मात्र कायम राहिला.

आता ‘कॅम्प’कडे वळू. तेथला रहिवासी ‘मी कॅम्प चारला राहतो’ असे सांगतो तेव्हा ती रूढी आहे. ऐकणाऱ्याने रिक्षा कोठे थांबवायची एवढेच त्याला कळवायचे असते. अंबरनाथ पूर्वेला, जेथे उल्हासनगरची हद्द भिडते, तेथल्या सोसायटीतला मराठी गृहस्थ ‘कॅम्पातून आणलाय’ असे म्हणतो, तेव्हाही पुष्कळदा ती रूढीच असते. पण तोच गृहस्थ ‘शेवटी कॅम्पातलाच माल’ किंवा ‘कॅम्पातली माणसं’ असे म्हणतो, तेव्हा शब्दाने प्रयोजन धारण केलेले असते. नकलीपणा, धंदेवाईकपणा, उपरेपणा हे तेथले व्यंग्य आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद याच प्रयोजनाचे विस्तारित रूप. तिसरे मुख शासनाचे. १९४७-४८ साली त्याने ‘कॅम्प’ म्हटले ते अभिधेने: जागा तात्पुरती आहे, आणि पुढे योग्य वसन होईल. ती संज्ञा होती, तसेच ते एक वचनही होते.

म्हणजे एकच शब्द, एकच स्थळ. पण एका मुखी रूढी, दुसऱ्या मुखी प्रयोजन आणि तिसऱ्या मुखी वचन. प्राचीनांनी लक्षणेचे प्रकार वाक्याच्या आधारे पाडले. येथे वाक्य तेच राहते आणि वक्ता बदलताच प्रकार बदलतो. कोशाच्या पकडीतून निसटते ते हेच.

४

यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, तात्पुरतेपणाचे शब्द कायमच्या वस्तीला चिकटणे ही भाषेची सामान्य रीत आहे. ‘मुक्काम’ म्हणजे प्रवासातला थांबा. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या पत्त्यावरही ‘मु. पो.’ असते, आणि त्याने कोणाचा अवमान होत नाही. आक्षेप ग्राह्य आहे, पण तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. ‘मुक्काम’ हा शब्द सर्वांच्या पत्त्याला सारखाच लागतो. म्हणून त्याला प्रयोजन चिकटण्याची शक्यताच नाही. ‘कॅम्प’ काहींच्याच पत्त्याला लागतो. विस्मरण समान वाटले गेले की शब्द निरुपद्रवी होतो. ते विषम असले की एकाचे विस्मरण दुसऱ्याच्या हाती शस्त्र देते.

दुसरा आक्षेप भाषाशुद्धीच्या बाजूचा. परका शब्दच काढून टाकावा, म्हणजे प्रश्न मिटेल. पण ‘शिबिर क्रमांक चार’ म्हटल्याने ते हास्यास्पद होईल आणि ‘छावणी क्रमांक चार’ म्हटल्याने अधिक बोचेल. येथे दोष शब्दाच्या परकेपणात नाही. उलट ‘कॅम्प’ हा या पट्ट्यात पुरता देशी झाला आहे. त्याला मराठी विभक्तिप्रत्यय लागतात, सामान्यरूप होते. परकेपणाचा ठपका शब्दावरून काढून आपण नकळत माणसांवर ठेवतो, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रहिवाशांच्या मुखीही शब्द नेहमी निव्वळ रूढ नसतो. ‘आम्ही कॅम्पातून वर आलो’ या उद्गारात अभिमान आहे. फाळणीनंतर ‘शरणार्थी’ या शब्दाला ‘पुरुषार्थी’ हे प्रत्युत्तर याच वृत्तीतून दिले गेले. हॅना आरेंट यांनी १९४३ साली निर्वासितांविषयी लिहिताना, ज्यांना हे नाव दिले जाते त्यांनाच ते नकोसे असते, असे नोंदवले होते. येथे नकोसे नाव उचलून मिरवले जाते. मग प्रयोजन दोन्हीकडे असेल तर नैतिक भेद कोठे? माझ्या मते तो प्रयोजनाच्या असण्यात नसून त्याची किंमत कोण देतो यात आहे. स्वतःच्या भूतकाळाला नाव देणारा स्वतःच्या खात्यातून खर्च करतो. शेजाऱ्याच्या भूतकाळाला नाव देणारा दुसऱ्याच्या.

५

गेल्या काही दशकांच्या सिद्धान्तव्यवहारात ‘कॅम्प’ला अभूतपूर्व प्रतिष्ठा मिळाली. जॉर्जो अगाम्बेन यांनी १९९५च्या आपल्या ग्रंथात छावणी हा आधुनिक राज्यसंस्थेचा गुप्त नमुना ठरवला: जेथे कायदा स्थगित होतो आणि माणूस केवळ जिवंत देह उरतो ती जागा. छळछावणीच्या संदर्भात या विचाराचे सामर्थ्य नाकारता येत नाही. पण हा नमुना उल्हासनगराला लावून पाहिला की त्याचा सैलपणा उघड होतो. येथे लोक देह म्हणून उरले नाहीत. त्यांनी बराकींत दुकाने काढली, शाळा काढल्या, कारखाने काढले. १९५४च्या विस्थापितविषयक कायद्याने भरपाईची आणि मालकीहक्काची वाट उघडली. कायदा येथे अनुपस्थित नव्हता. तो उशिरा येत होता.

तो पुढेही उशिराच येत राहिला. अनधिकृत बांधकामांवरून न्यायालयीन वाद झाल्यावर राज्याने २००६ साली केवळ उल्हासनगरापुरता स्वतंत्र नियमितीकरण कायदा केला. ही बांधकामे बव्हंशी नंतरच्या काळातली होती, आणि त्यांचा निर्वासितपणाशी थेट संबंध जोडणे सोपेपणाचे ठरेल. तरीही एका शहराला अर्धशतकानंतर ‘नियमित’ करण्यासाठी वेगळा कायदा लागावा, यात पहिल्या वचनाचा एक लांबलेला प्रतिध्वनी ऐकू येतो. सिद्धान्ताने ‘कॅम्प’ला रूपक केले की हे ऐकू येईनासे होते. रूपक करणे हेही एक प्रयोजनच आहे, आणि समीक्षकही त्यातून सुटलेला नाही.

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेख असलेले शिवमंदिर उभे आहे. त्या देवाच्या नावाने गाव ओळखले जाते, आणि त्या नावाने तेथला कोणीही आपोआप मूळचा ठरतो. मग तो गेल्या वर्षी राहायला आलेला का असेना. तीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते. तेथे ज्याचे आजोबा १९४८ साली आले, तो नावाने अजून आलेलाच असतो, वसलेला नसतो. दोन शेजारच्या नावांनी माणसांना दिलेला हा असमान काळ कोणी ठरवून दिलेला नाही. तो भाषेच्या सोयीतून घडला.

म्हणून शब्द टाकून देण्याचा उपदेश येथे अभिप्रेत नाही. तो टाकण्याचा अधिकार असलाच तर त्या पत्त्यावर राहणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना आजवर त्याची निकड भासलेली दिसत नाही. इतरांकडे उरते ते अवधानाचे कर्तव्य: उच्चारताना आपण जागा सांगत आहोत की माणसाचे येणे अपुरे ठरवत आहोत, हे तपासण्याचे. अर्थ म्हणजे उपयोग, हे विट्‌गेन्श्टाइन यांचे उत्तरकालीन सूत्र आपल्या अभ्यासक्रमांत आता रुळले आहे. त्याला एवढीच पुरवणी जोडावी लागेल की उपयोगाला कर्ता असतो, आणि कर्त्याला दायित्व.