अक्षय ऊर्जा आणि नाबोथाचा मळा

सूर्य, वारा आणि पाणी ह्यांपासून निर्माण होणारी वीज आपण निर्दोष मानतो. तिच्यासाठी कोळसा जळत नाही, हवेत धूर मिसळत नाही. परंतु ऊर्जेचा स्रोत अक्षय आहे, एवढ्यावरून तिच्यासाठी मोजलेली किंमत न्याय्य ठरते काय?

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांचे नेते झाले. अखेर धरण झाले, गावे बुडाली. जलाशय दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. बुडालेले शिवार मात्र पुन्हा पिकत नाही.

अहाब राजाने नाबोथाला त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदली अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले होते. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. त्या नकारासाठी त्याला प्राण गमवावे लागले. मोबदला देऊ केला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हे पवित्र शास्त्र येथे शिकविते.

म्हणून ही ऊर्जा नाकारावी, असे आम्ही म्हणत नाही. कोळशाच्या धुराचा भारही गरिबांवरच पडतो. व्हॅटिकनमधील सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ साली दोन हजारांहून अधिक सौर पॅनेल बसविली गेली. त्यासाठी कोणाचे शेत गेले नाही. आमच्या मते क्रम असा असावा: आधी आपली काटकसर, मग आपले छप्पर, आणि दुसऱ्याची जमीन अगदी शेवटी, तीही त्याच्या संमतीने.