दोष कुणाचा?



मुलाच्या खिशात सिगारेट सापडली, की घरात पहिला प्रश्न : "कुणाच्या नादाला लागलास?" संगतीचा जोर खोटा नाही. संत ऑगस्टीन सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरायला गेले. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. एकटा असतो तर चोरली नसती, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले. तरीही दोष स्वतःचाच मानला. संगत हे कारण असते, सबब नव्हे. तरुण मित्रांनो, हे तुमच्यासाठी.

आता आईवडिलांसाठी. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मग "पानपट्टीवरून पाकीट आण" म्हणून त्याला कोण पाठवते? जेवण झाल्यावर त्याच्यासमोर तंबाखू कोण मळते? दुकानदाराला कायदा आहे, उंबऱ्याच्या आत फक्त आपले वागणे. मित्राला "नको" म्हणायचे, तर ते "नको" मुलाने घरात ऐकलेले हवे.

व्यसन एका दिवसात सुटत नाही. पण "मी चुकलो, सोडायची धडपड करतोय," एवढे तरी आज मुलाजवळ बोला. बापाची कबुली मुलगा विसरत नाही.

आपला,
फादर