पतंगगुरूंचा बोध

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत पतंगही आहे. तो रूपाला भुलतो, दिव्यावर झेप घेतो नि जळतो. म्हणून रूपाला भुलू नये, हा त्याचा बोध. नाथमहाराजांनी एकादशावर टीका लिहून तो आपल्या मराठीत आणला. मी तो वर्षानुवर्षे वाचला. कळला मात्र फार उशिरा, आणि तोही अंगणात.

पूजेच्या फुलांसाठी आमच्या दारी तगर आहे. तिच्यावर आणि कण्हेरीवर एक जाडजूड हिरवी अळी येते. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके, मागे बारीक शिंग. तिचाच पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग होतो. श्रावणात दिव्यापाशी भिंतीवर बसलेला पतंग चांगला तळहाताएवढा होता. वैशाखात आला तो पुष्कळ लहान. मला वाटले, पिल्लू असेल, वाढेल अजून.

शेजारी जीवशास्त्र शिकवणारे निवृत्त गुरुजी राहतात. ते हसून म्हणाले, "काका, पंख फुटल्यावर पतंग तिळभरही वाढत नाही. वाढायचे ते अळी असतानाच. पावसाळ्यात कोवळा पाला पोटभर मिळतो, हवा गार असते, अळी सावकाश वाढून मोठी होते. उन्हाळ्यात पाला निबर, त्यात उष्म्याने वाढ घाईत उरकते. मग पतंग लहान निघतो. त्याच्यात खोट नाही. ऋतू तसा होता."

ऋतू तसा होता! त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९८२च्या गिरणी संपात माझी नोकरी गेली. थोरला तोवर शिकून मार्गी लागला होता. धाकटा सहावीत. त्याच्या वाट्याला उधारीचा शिधा, मागून आणलेली पुस्तके आणि बापाची चिडचिड आली. पुढे थोरला मोठा अधिकारी झाला, धाकटा दुकानात हिशेब लिहू लागला. आणि मी, रोज पोथी वाचणारा, चारचौघांत म्हणत आलो, "एकाच घरातले दोघे, पण याची झेपच लहान."

झेप लहान नव्हती हो. ऋतू कोरडा होता, आणि त्या कोरडेपणात माझाही वाटा होता. मोठे पंख पाहून भुललो तो मीच. दोघांच्या पंखांवर नक्षी एकच आहे, हे काही मी पाहिले नाही.

गेल्या गुरुवारी आरतीनंतर धाकट्याला जवळ बसवले. बोलायला शब्द सापडेनात. तोच म्हणाला, "आप्पा, राहू द्या. आधी प्रसाद घ्या."

भक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळी पाळण्याची दोरी आपण हातात घेऊ. त्याआधी, घरातल्या ज्याला आपण आजवर लहान म्हणत आलो, त्याचा ऋतू एकदा आठवावा. पतंगाची वाढ पंख फुटताच थांबते. माणसाचे तसे नाही. मायेचा एक शब्द मिळाला, तर तो पन्नाशीतही वाढतो. आणि तो शब्द देणारा ऐंशीतही.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!