फाटकाच्या आतलं गिऱ्हाईक

बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की अमेरिकेतले प्रेक्षक मोठ्या आस्थेने एक चौकशी करतात : आपल्या मैदानात चांगली बीअर कुठे मिळते? कुठल्या मजल्यावर, कुठल्या स्टॉलवर गावातल्याच छोट्या कारखान्याची बीअर नळाला लावली आहे, हे जाणकार एकमेकांना सांगतात. चिंतनाच्या सदरासाठी हा विषय हलका आहे, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. तिकीट दाखवून फाटकाच्या आत गेलेला माणूस दोन-तीन तास बाहेरच्या बाजाराला मुकतो. बाहेरून बीअर आणायला मनाई असते, मध्येच बाहेर पडलं तर सहसा पुन्हा आत येता येत नाही, आणि आत काय विकायचं व केवढ्याला, हे एकच पक्ष ठरवतो. आपल्याकडे मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नवरून असाच वाद झाला. चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा हक्क आहे, मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी त्याने फुकट द्यावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. हक्क मान्य झाला. तो कसा वापरावा हा प्रश्न उरलाच. माझं म्हणणं असं की गिऱ्हाईक जितकं अडलेलं, तितकी विक्रेत्याची जबाबदारी मोठी. मैदानातली बीअर चांगली की वाईट, हे ठरवताना चवीच्या बरोबरीने ही जबाबदारीही तपासायला हवी.

या बीअरचा इतिहास पाहिला तर नीतीचा मुद्दा पहिल्यापासून त्यात आहे. १८८० साली नॅशनल लीग या बेसबॉलच्या संघटनेने सिनसिनाटीच्या संघाला बाहेर काढलं. मैदानात बीअर विकणं आणि रविवारी मैदान भाड्याने देणं, हे त्याचे अपराध. लीगला खेळ प्रतिष्ठितांचा ठेवायचा होता. तिकीट होतं ५० सेंट. त्यावर उत्तर म्हणून अमेरिकन असोसिएशन ही दुसरी संघटना उभी राहिली आणि १८८२ मध्ये तिचे सामने सुरू झाले. तिकीट २५ सेंट, रविवारी खेळ, आणि ज्या संघाला हवी त्याने बीअर विकावी. विरोधकांनी तिला ‘बीअर आणि व्हिस्की लीग’ म्हणून हिणवलं. सेंट लुईसचा संघ चालवणारा क्रिस फॉन डेर आहे (Von der Ahe) हा जर्मनीहून आलेला गुत्तेवाला होता आणि बीअरचा खप वाढावा म्हणूनच तो या धंद्यात उतरला, हे खरं आहे. त्याला समाजसुधारक ठरवायचं कारण नाही. पण आठवड्यातले सहा दिवस राबणाऱ्या कामगाराला सुट्टी रविवारचीच असते आणि त्याच्या खिशात ५० सेंट नसतात, हे शुचितेच्या रखवालदारांना दिसलं नाही, ते त्याला दिसलं. बीअरला हरकत घेता घेता माणसांचीही प्रतवारी होत होती. म्हणून ‘मैदानात बीअर हवीच कशाला’ असं म्हणणाऱ्यांचा हेतू कितीही चांगला असला, तरी त्या बंदीने नेमकं कोण बाहेर राहतं, हे त्यांना विचारायला हवं.

आता चवीकडे येऊ. जाणकार मंडळी साधारणपणे असं धरून चालतात की छोट्या कारखान्याची बीअर चांगली आणि बड्या कंपनीची वाईट. पुरावा इतका सरळ नाही. ‘ब्लू मून’ ही संत्र्याच्या सालीची आणि धण्याची चव असलेली बेल्जियन पद्धतीची बीअर १९९५ मध्ये डेन्व्हरच्या कूर्स फील्ड या बेसबॉलच्या मैदानातच जन्मली. मैदानाच्या आवारात सँडलॉट नावाचा छोटा कारखाना होता. तिथे तिचं पहिलं नाव ‘बेलीस्लाइड बेल्जियन व्हाइट’ असं होतं. बीअर उत्तम, आणि मालकी कूर्स या बलाढ्य कंपनीची. चव मालक पाहून ठरत नाही, हे त्यातून दिसतं. माझा आक्षेप आकाराला नाही, लपवाछपवीला आहे. शिकागोच्या गूझ आयलंड या कारखान्याची ‘३१२’ नावाची गव्हाची बीअर घ्या. ३१२ हा शिकागोचा टेलिफोन कोड. २०११ मध्ये अनहॉयझर-बुश या बड्या कंपनीने तो कारखाना विकत घेतला आणि लवकरच या बीअरचं बरंचसं उत्पादन न्यूयॉर्क राज्यातल्या बाल्डविन्सव्हिलला हलवलं. नाव मात्र शिकागोचंच राहिलं. मैदानात चार वेगवेगळ्या नावांचे नळ दिसतात तेव्हा त्यांतले किती एकाच मालकाचे आहेत, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. कुठली बीअर कुठे लागेल हे बहुतेक वेळा प्रायोजकत्वाच्या करारात ठरतं, आणि ते करार प्रेक्षकाने पाहिलेले नसतात. यावर कुणी म्हणेल की पिणाऱ्याला चवीशी मतलब, मालकाशी काय? काहींच्या बाबतीत ते खरं असेल. पण गावच्या कारखान्याला हातभार लागावा म्हणून दोन डॉलर जास्त मोजणारा माणूस चवीबरोबर एक विश्वासही विकत घेत असतो. फळ्यावर एक ओळ वाढवून मालकाचं नाव लिहिणं काही अवघड नाही.

भावाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. बीअर महाग ठेवली म्हणजे माणूस कमी पितो आणि मैदानात शांतता राहते, असा युक्तिवाद होतो. त्यासाठी दाखला दिला जातो तो ४ जून १९७४ च्या रात्रीचा. क्लीव्हलंडच्या संघाने त्या दिवशी १० सेंटला बीअरचा ग्लास ठेवला होता. २५ हजारांवर लोक आले. एका वेळी सहा ग्लासांची मर्यादा होती, पण पुन्हा रांगेत उभं राहायला कुणाची आडकाठी नव्हती. नवव्या डावात ५-५ अशी बरोबरी असताना जमाव मैदानात घुसला, टेक्सासचे खेळाडू बॅटी घेऊन आपल्या सहकाऱ्याच्या बचावाला धावले आणि शेवटी पंचांनी सामना टेक्सासला बहाल केला. हा दाखला मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. ती बीअर सौम्य होती, ३.२ टक्क्यांची. घात केला तो स्वस्ताईची जाहिरात करून गर्दी ओढण्याने आणि कुणी किती प्यालं याकडे कुणाचंच लक्ष नसण्याने. उलट बाजूचा पुरावा अटलांटाच्या फुटबॉल मैदानातून मिळतो. तिथे २०१७ मध्ये खाण्यापिण्याचे दर सुमारे निम्म्यावर आणले : दोन डॉलरला हॉट डॉग, दोन डॉलरला हवं तितक्या वेळा भरून मिळणारं शीतपेय आणि पाच डॉलरला बीअर. प्रत्येक प्रेक्षकामागचा खर्च १६ टक्क्यांनी वाढल्याचं मालकांनीच जाहीर केलं. वाढलेल्या खर्चात बीअरही असणार, हे नाकारून चालणार नाही. पण त्या दरपत्रकात सर्वांत स्वस्त काय ठेवलं होतं ते पाहा : अन्न आणि बिनदारूचं पेय. मुलाबाळांसकट आलेल्या कुटुंबाला लुबाडायचं आणि वर त्याला शिस्तीचं नाव द्यायचं, याची गरज नसते हे त्या मैदानाने दाखवलं.

महागाईच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट विसरतात. पिणाऱ्याला आवर घालायचा असेल तर त्याच्या पाकिटाआधी त्याची बुद्धी जागी करावी लागते, आणि त्यासाठी आपण किती दारू पितोय हे त्याला ठाऊक हवं. नेहमीच्या लागरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. जाणकारांना आवडणाऱ्या कडवट आयपीएमध्ये तो सहज सात टक्के असतो. ३५५ मिलिलिटर लागर पिणाऱ्याच्या पोटात जितका मद्यार्क जातो, त्याच्या जवळजवळ दुप्पट ४७३ मिलिलिटरचा आयपीएचा ग्लास घेणाऱ्याच्या पोटात जातो. आणि दोघेही म्हणतात की एकच घेतली. या बाबतीत अमेरिकेचा कायदा बराच काळ उलट्या दिशेने चालला. १९३५ च्या केंद्रीय कायद्याने बीअरच्या लेबलवर मद्यार्काचं प्रमाण छापायलाच बंदी होती. आकडे दिसले तर कंपन्या तीव्रतेची चढाओढ करतील, अशी सरकारची भीती. कूर्स कंपनी त्याविरुद्ध लढली आणि एप्रिल १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.  सरकारची भीती अगदीच खोटी नव्हती. जास्त चढेल तीच द्या म्हणणारे लोक असतात. पण त्या मूठभरांना आवरण्यासाठी बाकीच्या सगळ्यांना अंधारात ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. घरी गाडी चालवत जायचं आहे, औषध चालू आहे, शेजारी लहान मूल बसलं आहे, असा माणूस तो आकडा शोधत असतो. भारतात बीअरच्या बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण छापावं लागतं. नळाची बीअर ग्लासात ओतल्यावर लेबल उरत नाही, म्हणून मैदानातल्या फळ्यावर किमतीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक आकड्यात ते असायला हवं.

विक्रेत्याच्या या जबाबदारीची एक कसोटी २०२३ मध्ये लागली. अमेरिकेत सातवा डाव संपला की बीअर बंद, असा बहुतेक मैदानांचा रिवाज होता. साऱ्या संघांना बांधणारा नियम नव्हता. त्या वर्षी चेंडू टाकायला घड्याळ लावलं आणि नऊ डावांचा सामना सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. विक्रीचा वेळ कमी झाला, म्हणून मिलवॉकी, मिनेसोटा, टेक्सास आणि ॲरिझोनाच्या संघांनी विक्री आठव्या डावापर्यंत वाढवली. फिलाडेल्फियाचा गोलंदाज मॅट स्ट्राम याने उघडपणे विरोध केला. लोकांची उतरावी आणि मग त्यांनी गाडी चालवावी म्हणून सातव्या डावाची सीमा आहे. सामना लवकर संपत असेल तर ती सहाव्यावर आणायला हवी, असं तो म्हणाला. संघांचं म्हणणं होतं की विक्रीचे एकूण तास पूर्वीइतकेच राहतात. हिशेब बरोबर आहे, पण तो गल्ल्याचा आहे. रक्तातली दारू विक्री कधी सुरू झाली हे पाहून उतरत नाही. शेवटचा घोट आणि गाडीची किल्ली यांच्यामध्ये किती वेळ गेला, त्यावर सगळं अवलंबून असतं. आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ज्या माणसाला याचा धोका आहे, त्याने तर तिकीटही काढलेलं नसतं. बीअर कितीही रुचकर असो, आठव्या डावात ती विकणाऱ्या मैदानाला मी चांगल्या बीअरच्या यादीत घालणार नाही.